चित्रे पाहून भीती का वाटत नाही? गावपळणीवरील कॉमिकबद्दल सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि तुमचे चित्रकार मित्र मिळून सिंधुदुर्गातील गावपळणीवर आधारलेले एक कॉमिक करीत आहात. देवाचा कौल होतो, सगळे गाव गुराढोरांसह तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहते, एक तरुण मात्र मागे राहतो, आणि गाव पुन्हा भरते तेव्हा विहिरीत एक प्रेत सापडते. १२० रंगीत पाने, २४ पानांचा एक याप्रमाणे पाच अंक आणि चित्रकाराला पानामागे १५०० रुपये, असा तुमचा आराखडा आहे. इंग्रजीत काढावे की मराठीत, अंकाअंकाने काढावे की एकदम पुस्तक करावे, आणि छपाई कशी करावी, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. शेवटी मात्र कंसात एक वाक्य घातले आहे: पटकथा वाचलेल्यांना भीती वाटते, पण तयार झालेली सहा पाने पाहून कोणालाच काही वाटत नाही. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न कंसातला आहे. त्याचा उलगडा झाला की बाकीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यातूनच निघतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी सोळा वर्षे कॉमिक लिहितो, इतरांची संपादित करतो, आणि फुग्यांमध्ये मजकूर बसवण्याचे काम हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे. त्यातली निम्मी कॉमिक तरी भुताखेतांची किंवा खुनाची होती. तरीही खालचे सगळे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. तुमचे मित्र हे काम नाव मिळवण्यासाठी करीत आहेत की घरभाडे भरण्यासाठी, तुम्ही स्वतः किती पैसे बुडवू शकता, आणि वाचक हे कॉमिक हातात घेऊन वाचणार की मोबाइलवर, यावर बरेच अवलंबून आहे. तुमच्या आराखड्यावरून मी छापील कॉमिक गृहीत धरले आहे.

आता तुमचे तिसरे पान पाहू. त्यात सहा चौकटी आहेत. तरुणाला जाग येते; माजघरातून जात्याची घरघर ऐकू येते; तो उठतो; दाराशी जातो; दार उघडतो; आणि शेवटच्या चौकटीत पांढऱ्या डोळ्यांची म्हातारी जाते ओढत बसलेली दिसते. पटकथेत हा प्रसंग उत्तम आहे, कारण वाचणारा ओळीमागून ओळ वाचतो आणि म्हातारीपर्यंत पोहोचायला त्याला तुमच्याच वाटेने यावे लागते. कॉमिकच्या वाचकाचे तसे नसते. तो पान उलटतो तेव्हा डावे आणि उजवे अशी दोन्ही पाने त्याला एकदम दिसतात, आणि वाचायला लागण्याआधी त्याची नजर दोन्ही पानांवरून एकदा फिरून येते. तुमच्या जोडपानावर सर्वांत मोठी आणि सर्वांत काळी चौकट म्हातारीची आहे. त्यामुळे तरुणाला जाग येण्याच्या आधीच वाचकाला म्हातारी भेटलेली असते. पुढच्या पाच चौकटी तो केवळ उपचार म्हणून वाचतो. तुमच्या मित्राची रेषा चांगली आहे. चूक रेषेत नसून म्हातारीच्या जागेत आहे.

छापील कॉमिकमध्ये वाचकापासून काही लपवून ठेवायला एकच जागा असते, ती म्हणजे उजव्या पानाची मागची बाजू. पहिले पान उजवीकडे येते, म्हणून विषम आकड्याची पाने उजवीकडे आणि सम आकड्याची डावीकडे पडतात. वाचक विषम पान संपवून कागद उलटतो आणि सम पानावर येतो. त्यामुळे धक्का द्यायचा तो सम पानाच्या सुरुवातीला, आणि त्याची ओढ लावायची ती विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. २४ पानांच्या अंकात अशा १२ जागा मिळतात. त्या सगळ्या भीतीसाठी वापरायच्या नसतात; चार किंवा पाच पुरतात, आणि उरलेल्यांत वाचकाने कागद उलटल्यावर काहीही घडू नये, म्हणजे पुढच्या वेळी तो बेसावध राहतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझे पहिले कॉमिक ३२ पानांचे होते आणि सगळे धक्के सम पानांवर नीट बसवले होते. छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी एका ज्येष्ठ स्नेह्यांची एक पानाची प्रस्तावना आली. ती आनंदाने पहिल्या पानावर घातली आणि मागचे एक जाहिरातीचे पान काढून हिशेब जुळवला. ५०० प्रती छापून आल्यावर मी पहिली प्रत उघडली तर प्रत्येक भूत उजव्या पानावर, प्रत्येक दार डाव्या पानावर, आणि दोन्ही शेजारी शेजारी. दोष छापखान्याचा नव्हता. मी प्रूफ पडद्यावर एकेक पान असे पाहिले होते, आणि पडद्यावर कागदाला मागची बाजू नसते.

तर तिसरे पान पुन्हा रचू. पहिली चौकट अंधारी खोली, बिछान्यातला तरुण, शब्द नाहीत. दुसऱ्या चौकटीत घरघर, बारीक अक्षरात, चौकटीच्या उजव्या कडेला. तिसऱ्यात तीच खोली, तोच कोन, फक्त त्याचे डोळे उघडे. हा न बदललेला कोन महत्त्वाचा आहे, कारण काहीच हलत नसताना वाचक स्वतःच फरक शोधू लागतो. चौथ्यात घरघर मोठी. पाचवीत दाराखालच्या फटीतून आलेला उजेड आणि त्याची पावले. सहावीत कडीवरचा हात, आणि आवाज बंद. शेवटच्या चौकटीत आवाज नाही हे वाचकाला कोणी सांगत नाही; आधीच्या चौकटींत ती अक्षरे पाहिल्यामुळे त्यांचे नसणे जाणवते. आता कागद उलटायचा. चौथे पान संपूर्ण एक चौकट: माजघर रिकामे, जाते थांबलेले, भोवती ताज्या पिठाचे कडे, आणि त्या कड्यात एका बाजूला कोणीतरी मांडी घालून बसल्यासारखी मोकळी जागा. म्हातारी नाही. पानाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, तरुणाच्या पाठीमागे, ज्या खोलीतून तो आला त्या बाजूला, बारीक अक्षरात पुन्हा एकदा घरघर.

म्हातारी कधीच दाखवू नका असे मी म्हणत नाही. सगळे अंधारात ठेवून शेवटपर्यंत काहीच न दाखवणारी कॉमिक मला आळशी वाटतात. वाचकाने पैसे मोजलेले असतात. एकदाच, उशिरा, आणि शक्यतो दिवसाउजेडी दाखवा.

तुमच्या म्हातारीच्या रूपाबद्दलही बोलायला हवे. पांढरे डोळे, चेहऱ्यावर आलेले ओले केस, वाकडी मान: हे भूत जपानी चित्रपटांतून हॉलिवूडमार्गे आपल्याकडे आले आहे आणि सिंधुदुर्गात त्याला रेशनकार्ड मिळणार नाही. तुमच्या भागात देवचार आहे, चकवा आहे, गिऱ्हा आहे, वेताळ आहे. मराठी कॉमिक वाचकाच्या एका पिढीला वेताळ म्हटले की जांभळ्या कपड्यांतला, कवटीच्या गुहेत राहणारा गोरा माणूस आठवतो, कारण १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने फँटम या अमेरिकन कॉमिक-नायकाला ते नाव दिले. पण कोकण-गोव्यातला वेताळ हा गावाची राखण करणारा देव आहे. त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि तो रात्री गावाची फेरी मारतो म्हणून त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. गाव रिकामे असताना देवळाच्या पायरीवर ठेवलेल्या नव्या कोऱ्या वहाणा, आणि तिसऱ्या दिवशीच्या चौकटीत त्याच वहाणांचे झिजलेले तळवे, एवढे दोन चौकटींचे काम आहे. तुमच्या सहा पानांत मला यासारखे एकही चित्र दिसले नाही, आणि तुम्ही त्याच मातीतले आहात.

गावपळणीबद्दल एक सूचना. आचरे, चिंदर अशा गावांत ही प्रथा आजही पाळली जाते आणि ती लोकांच्या श्रद्धेचा भाग आहे. तुमच्या कथेतील गावाचे नाव काल्पनिक ठेवा, देवळाचे नाव बदला, मानकऱ्यांची खरी आडनावे वापरू नका. तुम्ही खून दाखवणार आहात, आणि तो खऱ्या गावावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसरे म्हणजे बाहेरचा चित्रकार गावपळण म्हटली की सगळीकडे भयाण अंधार रंगवतो. प्रत्यक्षात वेशीबाहेरच्या झोपड्यांमध्ये भजने होतात, फुगड्या होतात, पोरांना शाळा नसल्याचा आनंद असतो. हा आनंद काढून टाकू नका. माळावरून ऐकू येणारे भजन आणि रिकाम्या घरातली घरघर एकाच पानावर आली, तर तुमच्या मित्राला काळी शाई कमी लागेल.

यापुढचा भाग अलौकिक आणि रहस्य यांच्या मिश्रणाचा आहे, आणि इथे तुमचा आराखडा मला कच्चा वाटतो. भयकथा आणि तपासकथा वाचकाशी दोन वेगळे करार करतात. तपासकथेत दुवे समोर ठेवलेले असतात आणि शेवटी त्यांचा हिशेब द्यावा लागतो. भयकथेत हिशेब पूर्ण लागला तर भीती ओसरते. तुमच्या शेवटच्या अंकात खून भुताने केला असे निघते, म्हणजे चार अंक दुवे गोळा करणारा वाचक फसतो. उलट भूत म्हणजे तस्करांचे सोंग होते असा शेवट केला, तर दुसरा वाचक फसतो, शिवाय तो शेवट आपण सगळ्यांनी लहानपणापासून इतक्या वेळा वाचला आहे की तिसऱ्या पानावरच ओळखू येतो. मी अशा वेळी दोन प्रश्न वेगळे करतो. खून कोणी आणि का केला, याचे उत्तर पूर्णपणे माणसांच्या जगात द्यायचे: जमीन, वारसा, भीती, पैसा. आणि दुसरा, लहानसा प्रश्न, उदाहरणार्थ त्या रात्री जाते कोण ओढत होते, तो माणसांच्या उत्तरातून शिल्लक राहू द्यायचा. हा दुसरा प्रश्न पहिल्या दहा पानांत यायला हवा, शेवटी चिकटवून चालत नाही.

भुताचे नियमही एका कागदावर लिहून काढा, आणि तो कागद वाचकाला दाखवू नका. ते काय करू शकते यापेक्षा काय करू शकत नाही, हे लिहा. लोकसमजुतींत असे नियम तयार मिळतात. रात्री कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकलेले असते. त्यात एक अख्खा प्रसंग दडलेला आहे, कारण दुसरी हाक येईपर्यंतची जागा म्हणजे नेमका कागद उलटण्याइतका वेळ.

तपासाच्या बाजूला तपशील चुकले की भीतीचाही विश्वास जातो. तुमच्या चौथ्या पानावर फौजदार ‘३०२ लागेल’ असे म्हणतात आणि कथा २०२५ मध्ये घडते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून त्यानंतरच्या खुनाला तिचे कलम १०३ लागते. शिवाय विहिरीत प्रेत सापडल्याबरोबर कोणी खुनाचे कलम उच्चारत नाही. आधी आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, आणि मग दिशा ठरते. ही दिरंगाई तुमच्या उपयोगाची आहे, कारण तेवढ्या वेळात गाव आपापले निष्कर्ष काढून मोकळे होते. भगताचे पात्र ठेवणार असाल तर २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा त्या फौजदारांना ठाऊक असायला हवा. त्यांनी तो कधी वापरायचा आणि कधी कानाडोळा करायचा, यातून त्यांचा स्वभाव दिसेल.

आता भाषा. मराठीत काढा. इंग्रजीचा रस्ता बंद आहे असे नाही. राम व्ही यांनी लिहिलेले आणि सुमित कुमार यांनी काढलेले ‘दीज सॅव्हेज शोअर्स’ हे १७६६ च्या मलबार किनाऱ्यावरचे रक्तपिपासूंचे पाच अंकी कॉमिक २०१८ साली अमेरिकेतल्या एका छोट्या प्रकाशनाने काढले, त्याचे अक्षरांकन आदित्य बिडीकर यांचे होते, आणि तिकडच्या वाचकाचे त्याकडे लक्ष गेले. पण ती मंडळी तिकडच्या मासिक अंकांच्या व्यवस्थेत काम करीत होती. तुमचा माणूस मात्र ‘इतक्या रातीचो खंय चललंस?’ असे विचारतो, आणि ते वाक्य इंग्रजीत नेले की त्यातली आपुलकी जाते आणि धाकही जातो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणीत ठेवा, फक्त मालवणी वाक्ये लहान ठेवा, म्हणजे विदर्भातल्या वाचकालाही चित्रावरून अर्थ लागेल. मराठीत गूढ आणि रहस्य वाचणारा वाचक आधीपासून आहे. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ यांसारखे दिवाळी अंक त्याच्याच जिवावर उभे राहिले. त्याला चित्रांची सवय लावायची आहे, भुतांची नाही.

मराठीत काढायचे ठरले की अक्षरांचा प्रश्न येतो, आणि इथे बहुतेक नवे लोक घसरतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळे दोन ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते आणि त्याच फुग्यात कमी मजकूर मावतो. माझा स्वतःचा नियम असा, की एका फुग्यात १५ शब्दांच्या वर जायचे नाही आणि एका पानावर ८० च्या वर नाही. तुमच्या दुसऱ्या पानावर मी १९० मोजले. त्यातली निम्मी निवेदने चित्रात दिसणारीच गोष्ट पुन्हा सांगतात: ‘तो हळूच दाराजवळ गेला’ असे लिहून खाली दाराजवळ गेलेला माणूस काढला आहे. ती निवेदने काढून टाका.

तुमच्या पानांवर ‘किनार्यावर’ आणि ‘दर्यांत’ असे छापले गेले आहे. तिथे ‘किनाऱ्यावर’ आणि ‘दऱ्यांत’ हवे. हा पापणीसारखा अर्धा र मराठीची खूण आहे आणि तो गेला की कोकणातली दरी समुद्र होऊन बसते. काही फॉन्टमध्ये ल आणि श सुद्धा हिंदी वळणाचे येतात, मराठी वळण वेगळे निवडावे लागते. अॅडोबच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये परिच्छेदाचा भारतीय भाषांसाठीचा कंपोझर (अक्षरजुळणीचा पर्याय) चालू केला नाही, तर पहिली वेलांटी भलत्या अक्षरापुढे उभी राहते आणि जोडाक्षरे फुटतात. फॉन्ट युनिकोडच वापरा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मुक्त’ हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि छपाईसाठीही मुक्त परवान्यावर मिळतात. संवादासाठी मला मुक्त बरा वाटतो, बलू फार गोंडस आहे.

आवाजाची अक्षरे मात्र फॉन्टमधून घेऊ नका, ती मित्राकडून हातानेच काढून घ्या. करकर, सळसळ, खुट्ट, धप्प, टपटप: एवढे ध्वनिशब्द आपल्याकडे आयते आहेत, आणि त्यावर शिरोरेखा आहे. ती रेषा लवू शकते, तुटू शकते, दाराच्या चौकटीला जाऊन मिळू शकते. वर सांगितलेल्या घरघरीची शिरोरेखा मी दाराखालच्या उजेडाच्या रेषेतच मिसळून टाकली असती.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर धक्का सम पानावर, शब्द निम्मे, भूत स्थानिक, आणि खुनाचे उत्तर माणसांकडे. आता पैसे.

१२० पाने आणि पानामागे १५०० म्हणजे एक लाख ८० हजार रुपये. पेन्सिल, शाई आणि रंग मिळून एका पानाला चांगल्या चित्रकाराला दोन दिवस सहज लागतात. म्हणजे २४० कामाचे दिवस, आणि तुमच्या मित्राला दिवसाला ७५० रुपये. कुठल्याही जाहिरात संस्थेचे एखादे बरे काम आले की ते दुसऱ्या अंकाच्या मध्यात थांबतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मी अशी अर्धवट राहिलेली तीन कॉमिक पाहिली आहेत, त्यातले एक माझे स्वतःचे.

पाच अंकांची कल्पना मुळात अमेरिकेतल्या दुकानांच्या व्यवस्थेतून आली आहे. तिथे १९५४ च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, शीर्षकातले ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्दसुद्धा बंद केले, रक्तपिपासू आणि चालती प्रेते हद्दपार केली, १९७१ मध्ये नियम सैल झाले, आणि दरम्यान भयकथा मुख्य प्रवाहाच्या बाहेर जगायला शिकली. १९९२ साली इमेज कॉमिक्स निघाले, हक्क कलाकारांकडे राहू लागले, आणि फक्त कॉमिक विकणाऱ्या दुकानांतून दरमहा अंक खपत असल्यामुळे पाच अंकांची कथा परवडू लागली. त्या दुकानांना माल पोहोचवणारी एकेकाळची सर्वांत मोठी संस्था डायमंड २०२५ च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली, म्हणजे तिथेही हा पाया हलला आहे. आपल्याकडे तो कधी नव्हताच. तुमचा पहिला अंक अर्ध्यावर सुटलेल्या कथेसह एखाद्या महोत्सवातल्या टेबलावर विकला गेला, तर दुसरा अंक त्याच वाचकापर्यंत पोहोचवायला तुमच्याकडे साधन नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की ३२ पानांची एकच संपूर्ण कथा काढा. पान १ शीर्षकाचे, पान २ हक्क आणि आयएसबीएन यांचे, ३ ते ३० कथा, शेवटची दोन पाने पात्रांची कच्ची रेखाटने. कथा तिसऱ्या पानापासून सुरू झाली तरी विषम ते विषमच राहते, म्हणून पटकथेतले हिशेब मोडत नाहीत. २८ पानांचे ४२ हजार होतात, आणि काम रंगीत नसेल तर दिवसही कमी लागतात. वाचलेल्या पैशांतून मित्राचा पानामागचा दर वाढवा. ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन भयकॉमिकचे २००३ पासून २०१९ पर्यंत १९३ अंक काळ्या-पांढऱ्यात निघाले, त्यामुळे रंग नसणे म्हणजे गरिबी, असे वाचकाला वाटत नाही.

काळ्या-पांढऱ्याला कागद मात्र चांगला लागतो. पैसे वाचवायला ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) साधा मॅपलिथो कागद घेतलात, तर चौथ्या पानाचा गडद काळा तिसऱ्या पानावर पलीकडून दिसेल, म्हणजे धक्का कागदातूनच गळेल. १०० च्या आसपासचा घ्या, आणि पूर्ण पान काळे असेल तिथे छापखान्यात स्वतः उभे राहा. मोठ्या काळ्या भागावर रोलरचे पट्टे उमटतात आणि ओली शाई समोरच्या पानाला लागते. सेंटर पिन मारायची असल्याने पाने चारच्या पटीत हवीत, ३२ त्यात बसते. पहिल्यांदा ३०० प्रतींच्या वर जाऊ नका, डिजिटल आणि ऑफसेट असे दोन्ही दर मागवा.

मोबाइलसाठी हीच पाने कापून लांब पट्टीत लावू नका. इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलमध्ये मात्र प्रत्येक सरकवणे म्हणजे कागद उलटणेच असते. जात्याचा प्रसंग सात तुकड्यांत तिथे टाका, शेवटचा तुकडा माजघराचा. पुस्तकाची जाहिरात म्हणून ते पुरे.

हक्कांचे दोन शब्द, कारण तुम्ही दोघे मित्र आहात आणि म्हणूनच कागद केलेला नाही. ‘द व्हिलेज’ नावाच्या एका भारतीय भयकॉमिकवरून २०२३ मध्ये तमिळ मालिका आली. असे काही तुमच्या वाट्याला येईल तेव्हा कागद नसेल तर मैत्री राहणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते, मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते धरतात. कथा आणि चित्रे यांचे हक्क दोघांत कसे, चित्रपट-मालिकेचे पैसे कोणाला किती, एकाने काम सोडले तर पात्रांचे काय, एवढ्या तीन गोष्टी एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा. माझ्या मते असे निम्म्या-निम्म्या वाट्याचे काम असेल तर पानामागचा दर उचल म्हणून धरावा. पण तुमच्या मित्राला रोख हवी असेल तर हिशेब वेगळा होईल, ते त्यांनाच विचारा.

पुढचे पाऊल म्हणून रंग थांबवा आणि डमी बनवा. आठ कोरे कागद मध्ये घडी घालून एकात एक घातले की ३२ पाने होतात. त्यावर फक्त चौकटी, माणसांचे आकार आणि फुगे पेन्सिलीने काढा, दोन दिवसांत होते. ती डमी कथा ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात द्या, शेजारी बसू नका, समोर बसा आणि त्याच्या उजव्या अंगठ्याकडे पाहा. कडीवरच्या हाताच्या चौकटीपर्यंत येण्याआधीच अंगठ्याने कागद उचलला असेल, तर घरघर अजून मोठ्या अक्षरात आहे. अंगठा कोपऱ्यावर थांबला असेल, तर शाई करायला हरकत नाही. कसेही झाले तरी जात्याची ती दोन पाने पेन्सिलीतच इथे टाका, मी पाहून सांगतो.